२०३ नंबरला आलेलं पत्र

१

श्रीहरी वझेचा जामीन रद्द करावा, असा सरकारी वकिलांचा अर्ज मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझ्या टेबलावर आला. साडेनऊपर्यंत त्यावर माझं मत लिहून हवं होतं. पाच महिने कोठडीत काढून जेमतेम सात आठवड्यांपूर्वी बाहेर आलेल्या माणसाला पुन्हा आत टाकायचं की नाही, हे ठरवायला पंधरा मिनिटं.

माझं नाव भानुमती कुरोदा. माहेर नाशिकचं, पण एकतीस वर्षं जपानमधल्या त्सुकुबात आहे. लग्न इथलं, मुलगी इथली, पासपोर्टही आता इथलाच. मी देखरेख कार्यालयात काम करते. आमचा विभाग चार माणसांचा आणि नवा. खटला उभा राहायच्या आधी जामिनावर सुटलेल्यांची जबाबदारी आमच्याकडे. ही माणसं गुन्हेगार नाहीत, अजून नुसते आरोपी आहेत, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. बहुतेक वेळा आमच्याच ऑफिसात.

श्रीहरी चौतीस वर्षांचा, वनस्पतींवर संशोधन करणारा पोस्टडॉक. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या संस्थेतला एक डीप फ्रीझर शुक्रवारी दुपारी बंद केला गेला आणि सोमवारी उघडला तेव्हा आठ वर्षांचे नमुने वितळून गेले होते. दाराच्या नोंदीत शुक्रवारी तीनच्या सुमाराला श्रीहरीचं कार्ड होतं. आदल्या आठवड्यात त्याचं प्राध्यापक मोरितांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. अबोली नावाच्या पीएचडीच्या मुलीने त्याला त्याच वेळी त्या कॉरिडॉरमध्ये बघितलं होतं. पोलिसांना एवढं पुरलं. श्रीहरी म्हणाला, मी केलं नाही. तेच म्हणत राहिला, म्हणून पाच महिने आत राहिला. कबूल केलं असतं तर नाताळच्या आधी घरी गेला असता. हे मला त्याच्या वकिलांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

जामिनाच्या अटी साध्या होत्या. ठरलेल्या फ्लॅटमध्ये राहायचं, पासपोर्ट वकिलांकडे, बाहेर पडलं की वहीत वेळ लिहायची, दर सोमवारी मला भेटायचं. आणि संस्थेतल्या कुणाशीही कसलाही संपर्क ठेवायचा नाही.

अर्जात लिहिलं होतं की त्याने ही शेवटची अट मोडली. शनिवारी अबोलीला धमकीचं पत्र मिळालं होतं आणि ते मराठीत होतं.

"त्सुकुबात मराठी लिहिणारे आहेत तरी किती?" आमचे विभागप्रमुख निशिनो-सान म्हणाले. माणूस वाईट नाही, पण वरून कागद आला की त्यांचा हात शिक्क्याकडे जातो. "कुरोदा-सान, 'आक्षेप नाही' एवढंच लिहा."

मी सोबतचं जपानी भाषांतर वाचलं. पाच ओळी. साक्षीचा पुन्हा विचार कर, बघितलेलं विसर, मी परत आत गेलो तर तूही शांत राहू शकणार नाहीस.

"मूळ पत्र कुठे आहे?"

"भाषांतर आहे ना."

"निशिनो-सान, या इमारतीत मराठी वाचता येणारी मी एकटी आहे. मला सोडून सगळ्यांनी ते पत्र वाचलंय?"

मी भाषांतराच्या तळाशी असलेला शिक्का बघितला. भाषांतर करणारा माणूस हिंदीचा दुभाषी होता.

२

न्यायालयाने शुक्रवारी सकाळी दहापर्यंत मुदत दिली. तीही मी लेखी मागितली म्हणून.

दुपारी मी श्रीहरीकडे गेले. एका खोलीचा फ्लॅट, भिंतीला लावलेली गादी, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. टेबलावर कागदांचा ढीग होता. सहा आठवड्यांवर खटला होता आणि तो फ्रीझरच्या जुन्या नोंदी जुळवत बसला होता. आत असताना त्याला हे करता येत नव्हतं. पुन्हा आत गेला तर पुन्हा येणार नव्हतं.

"काकू, बसा," तो म्हणाला.

एरवी मी त्याला टोकते. ऑफिसच्या कामात मी कुरोदा-सान, काकू नाही. त्या दिवशी टोकलं नाही.

"श्रीहरी, मी एकदाच विचारणार आहे. तुम्ही अबोलीला पत्र लिहिलंत?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला प्रश्नाची लाज वाटली. मग तो उठला, सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि नुसताच वाहत्या पाण्याकडे बघत राहिला.

"परत नेणार का मला?"

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"नाही लिहिलं. कशाला लिहीन? तिने मला कॉरिडॉरमध्ये बघितलं, ते खरंच आहे. मी चहा आणायला चाललो होतो. ती खोटं कुठे बोलतेय? आणि लिहायचं तरी कुठे? ती अजून त्या विद्यार्थी वसतिगृहातच आहे ना? तिथे पत्र ऑफिसात उघडतात."

अर्जात अबोलीचा पत्ता एका खाजगी अपार्टमेंटचा होता.

निघताना मी त्याची वही घेतली. गुरुवार, अकरा चाळीस ते बारा पाच : कोन्बिनी, दूध आणि ब्रेड. पत्रावरचा पोस्टाचा शिक्का गुरुवारचा होता. आणि त्याच्या कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, प्रिंटर आहे, दारात टपालपेटी आहे. सरकारी वकील नागासे यांनी ते आधीच अर्जात लिहिलं होतं.

३

बुधवारी सकाळी नागासेंच्या ऑफिसात मला मूळ पत्र बघायला मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, हात न लावता.

साधा पांढरा कागद, छापलेली देवनागरी.

*अबोली, तू साक्ष देणार असशील तर कृपया पुन्हा विचार कर. त्या दिवशी तू फ्रीझरच्या खोलीजवळ आला होतास. तू जे पाहिलेस ते विसरून जा. तू एक हुशार विद्यार्थी आहेस आणि तुझे भविष्य महत्त्वाचे आहे. मी पुन्हा तुरुंगात गेलो तर तूदेखील शांत राहू शकणार नाहीस.*

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझे कान तापले.

"नागासे-सान, अबोली बाई आहे की पुरुष?"

"हा काय प्रश्न झाला?"

"या पत्रात ती पुरुष आहे. 'आला होतास.' मराठीत क्रियापदावरून कळतं, समोर बाई आहे की बुवा. बाईला 'आली होतीस' म्हणतात. जपानीत हा फरकच नाही, म्हणून भाषांतरात तो पुसला गेला. आणि तुमच्या दुभाषाला..." मी स्वतःला आवरलं. "तुमच्या दुभाषाला ही भाषा येत नाही."

"लिहिताना चूक होते."

"आमच्याकडे पाच वर्षांचं पोर ही चूक करत नाही. इथे वाढलेली मुलं करतात, माझी मुलगीसुद्धा करते. पण ती ऱ्हस्व-दीर्घही चुकवते. या पत्रात शुद्धलेखनाची एक चूक नाही आणि मुलीला मुलगा केलंय. असं माणूस लिहीत नाही. भाषांतराचं यंत्र लिहितं."

नागासे चाळिशीचा, नीटनेटका माणूस. त्याने पेनाचं टोपण लावलं.

"किंवा असं लिहावं, म्हणजे आपल्यावर संशय येणार नाही, असं आरोपीला वाटलं असेल. हुशार आहे तो."

मला उत्तर सुचलं होतं, पण ते मी न्यायाधीशांसाठी राखून ठेवलं. मी पाकीट बघायला मागितलं. पत्त्याचं छापील लेबल होतं. अपार्टमेंटचं नाव बरोबर, पुढे खोली २०३.

अर्जात अबोलीची खोली ३०२ लिहिली होती.

४

अबोली निशिनो-सानांच्या परवानगीने आमच्या ऑफिसात आली. सव्वीस वर्षांची, रत्नागिरीची. पाठीवर सॅक तशीच ठेवून खुर्चीच्या कडेवर बसली.

"पत्र खालच्या मजल्यावरच्या आजींनी आणून दिलं," ती म्हणाली. "२०३मध्ये त्या राहतात. परदेशी नाव बघितलं आणि वर घेऊन आल्या. मी मार्चमध्ये तिथे राहायला गेले."

म्हणजे श्रीहरी कोठडीत असताना.

"तुला ते मराठी कसं वाटलं?"

"विचित्र. मी पोलिसांना म्हटलं, हे नीट मराठी नाही, मला मुलगा समजून लिहिलंय. ते म्हणाले, भाषांतर आमच्याकडे आहे, तुम्ही काळजी करू नका." तिचा आवाज चढला. "आणि मी खरं सांगू का? मी फक्त एवढंच सांगितलं होतं की श्रीहरीदादा कॉरिडॉरमध्ये दिसला. त्यांनी लिहिलं, 'फ्रीझरच्या खोलीकडून घाईने येताना दिसला.' मी म्हटलं घाईने नाही. ते म्हणाले, अर्थ तोच."

"सही केलीस?"

"चार तास झाले होते, काकू. केली."

ही मुलगी सहा महिने ते एक 'घाईने' डोक्यावर घेऊन फिरत होती.

"नवा पत्ता कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरच्यांना. लॅबच्या ऑफिसला, फॉर्म भरून दिला होता. आणि राजीवदादाला. त्यानेच सामान हलवायला मदत केली."

राजीव त्याच लॅबमधला दुसरा मराठी पोस्टडॉक. श्रीहरी आत गेल्यावर त्याचा प्रकल्प राजीवकडे आला, आणि त्याबद्दल लॅबमध्ये लोक बोलतही होते. तो मला स्टेशनजवळच्या कॅफेत भेटला आणि बसायच्या आधीच भांडायला लागला.

"मला माहितीये तुम्ही काय विचारणार. मला फायदा झाला, म्हणून मीच. बरोबर? प्रकल्प मी मागितला नव्हता. मोरिता-सेन्सेईंनी दिला. नाही म्हटलं असतं तर माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं."

"श्रीहरीला आत भेटायला गेला होतात?"

त्याने मान खाली घातली. "एकदाही नाही. घाबरलो. त्याला सांगू नका."

"अबोली कितव्या मजल्यावर राहते?"

"तिसऱ्या. लिफ्ट नाही तिथे. तिचा फ्रिज मी आणि अजून एकाने जिन्यावरून वर चढवलाय, आठवडाभर कंबर धरली होती माझी. का?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा प्या."

भित्रा माणूस होता, पण पत्र त्याचं नव्हतं. त्याला मराठी येत होतं आणि मजलाही पाठ होता.

५

गुरुवारी सकाळी मी आणि निशिनो-सान संस्थेत गेलो. आरोपीने आणखी कुणाशी संपर्क केलाय का, याची चौकशी करायचा अधिकार आम्हाला आहे. निशिनो-सानांनी हा नियम स्वतः शोधून काढला होता. वाटेत गाडीत ते एकदाच बोलले : "हिंदी आणि मराठी खरंच इतक्या वेगळ्या आहेत?" मी म्हटलं, जपानी माणसाला चिनी दुभाषा दिला तर?

लॅबचं ऑफिस कुबो-सान सांभाळतात. पन्नाशीचे, हडकुळे, सतत घाम पुसणारे. श्रीहरीचा विषय निघताच त्यांचा चेहरा आंबट झाला.

"वझे-सान मला आवडत नसत. कचऱ्याचं वर्गीकरण कधी नीट केलं नाही. प्लॅस्टिक आणि जळणारा कचरा एकत्र. मी सतरा वेळा सांगितलं."

"अबोली-सानचा पत्ता तुमच्याकडे असतो?"

"सगळ्यांचा असतो. भूकंप झाला तर संपर्क करायला लागतो." त्यांनी फाइलमधून यादी काढली. अबोलीच्या नावापुढे छापलेला २०३ लाल पेनाने खोडून ३०२ केला होता.

"हे कधी केलंत?"

"मे महिन्यात. अबोली-सानचं संस्थेकडून पाठवलेलं पार्सल परत आलं. टाइप करताना माझीच चूक झाली होती. मी माफी मागितली."

"ही यादी अजून कुणाकडे आहे?"

"सेन्सेईंकडे एक प्रत असते. एप्रिलमध्ये दिली होती. ती कुठे बघतात! ड्रॉवरमध्ये पडली असेल."

प्राध्यापक मोरिता एकसष्ट वर्षांचे. त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला चहा दिला. पुस्तकांनी भरलेली खोली, खिडकीत पाइनची झाडं, हळू आणि गोड आवाज.

"वझे-कुन हुशार होता. त्याच्या भल्यासाठीच मी त्याला बोललो होतो. वाईट झालं. मला आता अबोली-कुनची काळजी वाटते. फार घाबरलीय. असल्या माणसाला बाहेर सोडण्यात काय अर्थ होता?"

"त्याने तुमच्याशी संपर्क केला?"

"माझ्याशी? हिंमत होणार नाही."

"मग तो बाहेर राहिला तर तुम्हाला काय त्रास आहे, सेन्सेई?"

निशिनो-सानांचा कप बशीवर वाजला. असा प्रश्न इथे कुणी प्राध्यापकाला विचारत नाही. मोरिता हसले.

"वकिलामार्फत तो सारख्या जुन्या नोंदी मागतोय. लॅबला काम करू देत नाही. इतकंच."

६

संध्याकाळी घरी मी भात लावत होते. मुदत संपायला पंधरा तास उरले होते. माझ्याकडे दोन धागे होते. एक, पत्र यंत्राने मराठीत आणलंय. दोन, पत्ता जुन्या यादीतला आहे. पण नागासे म्हणणार, यंत्र वापरायला आरोपीला कोणी अडवलंय? आणि मुलीचा मुलगा का झाला, याचं मला अजून उत्तर नव्हतं. यंत्रं चुकतात, एवढ्यावर न्यायाधीश थांबणार नाहीत.

सारा दार ढकलून आत आली. माझी मुलगी, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. ती चिडली की जपानीत बोलते आणि मी मराठीत उत्तर देते, आमचं असंच चालतं.

"आई, आज सेमिनारमध्ये माझी पाळी होती. म्हाताऱ्या सेन्सेईंनी 'कुरोदा-कुन' म्हणून पुकारलं. दुसऱ्या विभागाच्या लोकांना वाटलं कोणी मुलगा येणार. मी उभी राहिले तर सगळे हसले."

"मग सांग ना त्यांना."

"त्या पिढीचे सेन्सेई सगळ्या विद्यार्थ्यांना 'कुन'च म्हणतात. मुलगा काय, मुलगी काय."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

'सान' कुणालाही लागतं. 'कुन' साधारणपणे मुलाच्या नावामागे लावतात. मात्र जुन्या वळणाचे प्राध्यापक हाताखालच्या मुलींनाही लावतात, हे माणसाला ठाऊक असतं. यंत्राला कुठून असणार?

"सारा, फोन दे. आणि जपानीत एक साधं वाक्य लिही. 'त्या दिवशी तू त्या खोलीजवळ आली होतीस', असं काहीतरी. आधी एखाद्या मुलीच्या नावापुढे 'सान' लाव. मग त्याचं मराठी कर."

मराठी आलं : तुम्ही त्या दिवशी त्या खोलीजवळ आला होता.

"आता 'सान' काढ आणि 'कुन' लाव."

तू त्या दिवशी त्या खोलीजवळ आला होतास.

आम्ही नावं बदलून सहा वेळा करून बघितलं. सहाही वेळा 'कुन' लावलं की मुलीचा मुलगा झाला.

"आई, काय झालं? तू रडतोयस का?" सारा मराठीत म्हणाली.

"रडत नाहीये. आणि 'रडतेयस' म्हण."

७

शुक्रवारी दहा वाजता न्यायाधीश हामादा यांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. त्या स्वतः, नागासे, श्रीहरी, त्याचे वकील, निशिनो-सान आणि मी. श्रीहरीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायाशी छोटी बॅग होती : टूथब्रश, दोन टी-शर्ट, आईचा फोटो. तो परत जायच्या तयारीनेच आला होता. त्या बॅगेकडे बघून माझ्या आवाजातली उरलीसुरली नरमाई गेली.

मी पत्राची भाषा समजावून सांगितली. नागासेने तेच उत्तर दिलं : आरोपीने मुद्दाम वाईट मराठी वापरलं.

"लपायचं असतं, तर त्याने मराठीच का वापरलं असतं?" मी म्हटलं. "त्याला इंग्रजी येतं, जपानी येतं. मराठीत लिहिलं की पहिलं बोट त्याच्याकडेच जाणार. मराठी निवडणाऱ्याला ते बोट तिकडेच जायला हवं होतं. आणि ज्याला मराठी येतं, तो यंत्राकडे जाणार नाही. म्हणजे हा असा माणूस आहे, ज्याला मराठी येत नाही आणि श्रीहरी परत आत जायला हवाय."

"हा तर्क झाला," हामादा म्हणाल्या. "पुरावा?"

"खोलीचा नंबर." मी पाकिटाचा फोटो पुढे सरकवला. "अबोली-सान मार्चमध्ये तिथे राहायला गेली. श्रीहरी तेव्हा कोठडीत होता. ती वसतिगृहात राहते, असंच त्याला मंगळवारपर्यंत वाटत होतं. घटकाभर धरू, कोणी त्याला पत्ता सांगितला. सांगू शकणारा एकच, राजीव-सान. पण त्याने तिचा फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवलाय. तो ३०२ सांगेल. २०३ ही खोली जगात एकाच ठिकाणी अबोलीची आहे : लॅबच्या यादीत, टायपिंगच्या चुकीमुळे."

"यादी कुबो-सानांची आहे," नागासे म्हणाला.

"हो, आणि त्यांनी ती मे महिन्यात लाल पेनाने दुरुस्त केली. पत्र जूनमधलं आहे. स्वतः सुधारलेली चूक ते पुन्हा करणार नाहीत. न सुधारलेली प्रत एकच आहे. प्राध्यापक मोरितांच्या ड्रॉवरमध्ये."

मी 'कुन'चं सांगितलं. सहा वेळा केलेली चाचणी टेबलावर ठेवली. मोरिता अबोलीला 'अबोली-कुन' म्हणतात, कुबो 'अबोली-सान'. मी हे काल स्वतः ऐकलं होतं.

"मीही ऐकलं," निशिनो-सान म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते उभेच राहिले होते. "आणि अजून एक. प्राध्यापक म्हणाले, आरोपी बाहेर असल्यामुळे जुन्या नोंदी मागतोय, त्याचा त्यांना त्रास होतो. हे मी लेखी द्यायला तयार आहे."

हामादांनी चष्मा काढला.

"नागासे-सान, हे मूळ पत्र अर्जाआधी मराठी जाणणाऱ्या कुणाला दाखवलं होतं?"

"अधिकृत भाषांतर उपलब्ध होतं."

"मी विचारलं, दाखवलं होतं का?"

"नाही."

अर्ज फेटाळला गेला. श्रीहरी उठला आणि बॅग तिथेच विसरून दारापर्यंत गेला. मी ती त्याला नेऊन दिली. आपण कुठे निघालोय, हेच त्याला कळत नव्हतं.

८

पोलिसांच्या झडतीत यादीची प्रत ड्रॉवरमध्येच सापडली, २०३सकट. प्राध्यापकांच्या कॉम्प्युटरवर पत्राचा जपानी मसुदा होता. पहिला शब्द 'अबोली-कुन'. मग बाकीचंही बाहेर आलं. मोरितांच्या गाजलेल्या शोधनिबंधांमधले अर्धेअधिक नमुने कधी अस्तित्वातच नव्हते. एका नियतकालिकाने ते तपासायला मागितले होते, आणि ऑक्टोबरमध्ये श्रीहरीनेही. भांडण त्यावरून झालं होतं. फ्रीझरमधलं सगळं वितळलं की रिकाम्या डब्यांचा प्रश्नच मिटला. श्रीहरीचं हरवून नंतर सापडलेलं जुनं कार्ड कुबो-सानांनी रद्द करण्यासाठी सेन्सेईंकडे दिलं होतं. ते रद्द झालंच नव्हतं. शुक्रवारी तीनला दाराने नोंदवलं, ते हेच कार्ड. हा सगळा तपास नोव्हेंबरमध्ये एका दिवसात झाला असता. पण तेव्हा एक प्राध्यापक आणि एक परदेशी पोस्टडॉक समोर होते, आणि कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं होतं.

सप्टेंबरमध्ये श्रीहरीवरचा आरोप मागे घेतला गेला. त्याला तीन मिनिटं लागली. बाहेर कॉरिडॉरमध्ये नागासे आमच्याजवळ आला. मला वाटलं, आता तरी वाकून माफी मागेल.

"वेळेत उलगडा झाला, हे चांगलं झालं," तो म्हणाला.

"कुणाच्या वेळेत?" श्रीहरीने विचारलं. जपानीत, अगदी शांतपणे. "माझे वडील जानेवारीत गेले. मी आत होतो. फोनवर बोलायची परवानगी मागितली होती. तुमच्या सहीने नाकारलेला कागद आहे माझ्याकडे."

नागासे घड्याळाकडे बघून निघून गेला. श्रीहरी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मीही.

"काकू," तो थोड्या वेळाने म्हणाला, "अबोलीला फोन करू का? आता चालतं ना?"

"कर. तिला सांग, तुझा राग नाही म्हणून. ती ते ऐकायला थांबलीय."

तो खिडकीपाशी जाऊन बोलायला लागला. पलीकडे रडण्याचा आवाज येत असावा, कारण तो सारखं "अगं नाही गं, नाही" म्हणत होता.

मी ऑफिसात परतले, तेव्हा निशिनो-सान घरी निघायच्या तयारीत होते. मी कोट न काढताच त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"आपल्याकडे अशा किती फाइली आहेत, ज्यात आरोपीचं किंवा साक्षीदाराचं मूळ लिखाण कुणीच वाचलेलं नाही? नुसतं भाषांतर वाचलंय?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही. कपाट उघडून मोजलं. "नऊ. व्हिएतनामी पाच, नेपाळी तीन, एक फिलिपिन्सची तगालोग."

"मला यातली एकही भाषा येत नाही."

"मलाही नाही."

"मग येणारी माणसं शोधावी लागतील. आपल्या ओळखीची, दुभाषांच्या यादीतली नव्हेत. आणि वरून परवानगी येईपर्यंत मी थांबणार नाही."

निशिनो-सानांनी बॅग खाली ठेवली, कोट खुर्चीच्या पाठीला लावला आणि नऊच्या नऊ फाइली टेबलावर आणल्या.

"माझ्या बायकोच्या कारखान्यात एक व्हिएतनामी बाई आहेत," ते म्हणाले. "आधी त्यांना विचारू या."